साहेबाचं कार्ड सुजूकडे राहिलं

निघायच्या दिवशी आमच्या क्वार्टरसमोर सुमो उभी होती. ड्रायव्हर माझ्या दोन बॅगा टपावर करकचून बांधत होता आणि बांधता बांधता बाबांना विचारत होता, "भाऊ, पोरगी कुठी चालली?" बाबा सरळ आत गेले. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा बाबा वर्षातून दोनदाच काढायचे, चौदा एप्रिलला आणि दसऱ्याला. आज मधेच काढला म्हणजे तो माझ्यासाठीच, यात मला शंका नव्हती. मी पर्समध्ये पासपोर्टच्या शेजारी जागासुद्धा करून ठेवली.

बाबा बाहेर आले. डबा उघडून आतलं कार्ड त्यांनी चिमटीत धरलं आणि ड्रायव्हरच्या तोंडासमोर नेलं. "याच्या देशात चालली माही पोरगी. हा जॉन साहेब. आपल्या ओळखीचा हाये." ड्रायव्हरने मान डोलावली. मग बाबांनी कार्ड परत डब्यात घातलं, डबा सुजूच्या हातात दिला आणि म्हणाले, "ठेवून दे आत. हे इथीच राहू दे." मला मिळाली सांडगी मिरचीची पिशवी आणि एक वाक्य, "पोचली का फोन कर."

सुजू म्हणजे सुजाता, माझी तीन वर्षांनी धाकटी बहीण. ती डबा छातीशी धरून रडत होती. मीही रडले. शेजारच्या बायांना वाटलं, केवढी माया या बहिणींची! खरं सांगते, माझं निम्मं रडणं त्या डब्यासाठी होतं. घुग्घुसपासून वरोऱ्यापर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत एकच गोष्ट घोळवत होते, थोरली मी, परदेशी चालले मी, आणि डबा तिला कशापायी?

आमच्या कॉलनीतून पुण्याला, हैदराबादला, आखातात गेलेले पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या कुणी आठवणी लिहिल्या तर ते आईच्या हातच्या वरणाविषयी लिहितात, विहाराच्या पायऱ्यांविषयी लिहितात. मीही तसं लिहू शकले असते. पण मी पडले मत्सरी. पहिल्यापासूनच. सुजूच्या ताटात पापड मोठा पडला तरी माझ्या पोटात दुखायचं. तेव्हा आठवणी लिहायच्या तर पोटदुखीच्याच लिहाव्यात, असं ठरवलं. सुजू हे वाचणार आहे, हे मला माहीत आहे.

आता त्या कार्डाविषयी. बाबा कोळशाच्या खाणीत वर्कशॉपला होते, फिटर म्हणून निवृत्त झाले. माझ्या जन्माआधी, ते नुसते हेल्पर होते तेव्हा, खाणीत कोळसा उपसायचं एक अवाढव्य यंत्र, शॉवेल, आलं आणि ते जोडायला अमेरिकेहून एक इंजिनियर आला. सगळे त्याला जॉन साहेब म्हणत. आल्या आल्या इथल्या पाण्याने त्याचं पोट असं बिघडलं की माणूस उभा राहीना. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, साहेबाला मराठी. बाबांनी काय केलं, तर वर्कशॉपच्या भट्टीवर रोज सकाळी पातेलंभर पाणी उकळून, गाळून त्याच्या बाटलीत भरून द्यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. शॉवेल उभं राहीपर्यंत, तीन महिने, एक दिवस चुकला नाही. जाताना साहेबाने पाकीट उघडलं. बाबांनी दोन्ही हात मागे घेतले, त्यांना वाटलं पैसे देतोय. त्याने काढलं एक जाड कागदाचं चित्र. टोपी घातलेला, खांद्यावर बॅट टाकून हसणारा एक तरुण गोरा. साहेबाने ते बाबांच्या खिशात घातलं, खिशावर दोनदा थोपटलं आणि गेला.

ते जुनं बेसबॉलचं कार्ड होतं. तिकडे च्युइंगगमच्या पाकिटातून खेळाडूंची अशी कार्डं निघायची, पोरं ती जमवायची, आपल्याकडे आम्ही क्रिकेटवाल्यांची जमवायचो तशीच. पण हे बाबांना कोण सांगणार? त्यांनी स्वतःच अर्थ लावला की चित्रातला माणूस म्हणजे साहेबच, जवानीतला. चौदा एप्रिलला नाहीतर दसऱ्याला पाहुणे आले, नवा साहेब भेटायला आला, की डबा निघायचा. "पाहा, जॉन साहेब. मले देऊन गेला आपला फोटो." कार्डाला हात मात्र कुणी लावायचा नाही. घुग्घुसला सगळ्यावर काळी धूळ बसते, वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर, दुधाच्या पातेल्यावर, पुस्तकांवर. त्या डब्यातल्या रुमालाला मात्र बाबांनी धूळ लागू दिली नाही.

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. दसऱ्याला बाबांचे दोस्त सोनं द्यायला आले होते, डबा निघाला होता. मी नुकती इंग्रजी वाचायला लागले होते आणि ते जगाला दाखवायची मला फार हौस. मी कार्डाची मागची बाजू वाचली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "बाबा, हा साहेब नाई. हा खेळाडू हाये. याचं नाव पण जॉन नाई." बाबांचे दोस्त हसायला लागले. बाबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात पाचवीतली सुजू म्हणाली, "जवानीत साहेबाचं दुसरं नाव असंल." सगळे आणखी हसले आणि विषय तिथंच संपला. बाबांनी त्या दिवशी सुजूला आपल्या ताटातली करंजी दिली. खरी गोष्ट मी सांगितली आणि करंजी तिला. ती करंजी मी अजून विसरलेले नाही.

अमेरिकेत नवऱ्याची नोकरी होती, मला बरीच वर्षं काहीच नव्हतं. मग आमच्या तिथल्या गावाजवळ एका कंपनीत पार्सलं फोडायचं काम मिळालं. कंपनी जुनी कार्डं तपासून त्यांना एकपासून दहापर्यंत नंबर देते, दहा सगळ्यात चांगला, आणि प्लास्टिकच्या कडक डबीत कायमची बंद करून मालकाला परत पाठवते. ज्याला नंबर चांगला, त्याचा भाव वेगळा. आधी मी हसले होते. पोरांच्या खेळातल्या कागदांना परीक्षा कसली? पण दोन वर्षांत मी पार्सलांच्या टेबलावरून भिंगाच्या टेबलावर गेले. आमच्या कामात चार गोष्टी बघतात. कोपरे टोकदार आहेत का, कडा सरळ आहेत का, चित्र बरोबर मधोमध छापलंय का, आणि पृष्ठभागावर ओरखडा, डाग, घडी आहे का. लोक लबाड्याही करतात. गोल झालेले कोपरे दिसू नयेत म्हणून पांढरी कड बारीकशी कापून घेतात. अशी छाटलेली कार्डं पकडायला माझा हात बसला. दुसऱ्याच्या वस्तूत खोट काढायची सवय मला लहानपणापासूनच होती म्हणा, इथं त्याचा पगार मिळू लागला.

पार्सलांमध्ये कधी कधी चिठ्ठ्या असतात. आजोबांनी मला दिलं, वडिलांनी शेवटच्या आजारात हातात ठेवलं. नियमाप्रमाणे चिठ्ठी बाजूला काढून मगच कार्ड बघायचं, म्हणजे मन वाकडं होत नाही. मी मात्र आधी चिठ्ठी वाचायचे आणि मनातल्या मनात त्या नातवावर जळायचे. नंबर मी कुणाचा कमी केला नाही. पण एखाद्या कार्डाचा कोपरा झिजलेला निघाला की मला बरं वाटायचं, हे नाकारणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका पार्सलातून ते निघालं. तोच तरुण, तीच टोपी, तीच खांद्यावरची बॅट. मी भिंग खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? मी मान हलवली. आमच्या लोखंडी कपाटात अर्धं आयुष्य पडलेला माणूस माझ्यासमोर दिव्याखाली हसत होता, आणि आता मला त्याचं नाव पाठ होतं. तो कोण होता, त्याच्या कार्डासाठी लोक काय काय करतात, सगळं माहीत होतं. किंमत इथं सांगत नाही. एवढं सांगते की साहेबाने बाबांना साधीसुधी वस्तू दिली नव्हती. पाकिटात वागवलेल्या आमच्या कार्डाचे कोपरे गोल होते, मधोमध पुसटशी घडी होती, फार तर तीन नंबर मिळाला असता. पण त्या खेळाडूचा तीनसुद्धा दुसऱ्याच्या दहाला भारी.

आणि हे सगळं सुजूकडे होतं! तोपर्यंत बाबाही सुजूकडेच होते. आई मी निघायच्या आधीच वारली होती. बाबा निवृत्त झाले तसं कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं, तिथं आता दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत असतील. सुजू एटापल्लीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, ती बाबांना घेऊन गेली. म्हणजे माझं म्हणावं असं घरच उरलं नाही. बाप सुजूच्या घरात, कपाट सुजूच्या घरात, डबा सुजूच्या घरात.

मी रविवारी फोन केला. सुजूला कार्डाची किंमत मी सांगितली नाही. सांगितली असती तर तिने विचार केला असता, बाबांशी बोलली असती. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "तो साहेबाचा फोटो दे ना मले. आमच्याकडं चांगल्या डबीत बसवून देते. परत आणीन." परत आणायचा माझा विचार नव्हता. माझ्या टेबलासमोर भिंतीवर कुठे लावायचं, तेही ठरलं होतं.

सुजू लगेच म्हणाली, "ने ना ताई. त्यात काय विचारतेस? डिसेंबरात येशील तवा ने." इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. तिने थोडी कुरकुर केली असती तर मला आणखी मजा आली असती.

डिसेंबरात गेले. आलापल्लीच्या पुढे रस्त्यावर सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागे एक, झाडांची पानं लाल झालेली. आपल्या घुग्घुसची धूळ काळी, हिची लाल, पण नाकात जाते सारखीच. सुजूच्या घरी पोचले तर ओसरीत तीन बाया बसलेल्या, एकीच्या मांडीवर तापलेलं लेकरू. सुजू त्यांच्याशी माडिया, तिथल्या आदिवासींची भाषा, बोलत होती. माझी बहीण, जिच्याकडून मी इंग्रजीची स्पेलिंगं पाठ करून घ्यायचे, ती मला एक अक्षर न कळणाऱ्या भाषेत त्यांना हसवत होती. रस्त्याने जाणारा येणारा बाबांना "जोहार" म्हणत होता. बाबा जाडे झाले होते, खुश दिसत होते. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण थोडा वेळच.

जेवणं झाल्यावर सुजू म्हणाली, "थांब, तुही अमानत देते." ती आत गेली आणि येऊन माझ्या हातात कार्ड ठेवलं.

लॅमिनेशन केलेलं होतं.

पहिल्या नजरेत मला सगळं दिसलं, तेवढ्याचाच तर पगार घेते मी. गरम प्लास्टिक कागदाला दोन्ही बाजूंनी चिकटलेलं, एका ठिकाणी हवेचा फुगा. आणि चारही बाजूंची पांढरी कड गायब. ओळखपत्राच्या मापाच्या पाकिटात कार्ड मावेना, म्हणून दुकानदाराने कात्रीने सरळ कापून टाकली होती. असं कार्ड आमच्याकडे आलं तर त्याला नंबरच देत नाहीत. खरं आहे, एवढाच शेरा मारतात, बिघडवलंय असं पुढे लिहितात आणि परत पाठवतात.

मी ओरडले. "काऊन केलं असं? अक्कल हाये का तुले?" ओसरीतल्या बाया उठून उभ्या राहिल्या.

सुजूला कळेचना काय चुकलं. "ताई, पावसाळ्यात वाळवी शिरली कपाटात. बाबाची सर्विस बुकं खाल्ली अर्धी. मी घाबरली. सगळं उचललं आन् झेरॉक्सवाल्याकडं घेऊन गेली. बाबाचे पेन्शनचे कागद, माहं रजिस्ट्रेशन, तुह्या दहावीची मार्कशीट, सगळ्याले लॅमिनेशन केलं. याले सगळ्यात पहिले केलं." ती म्हणाली, "तू नेनार होती ना. तुह्याजवळ चांगलं पोचलं पायजे म्हनून केलं."

आपल्याकडे जे जपायचं त्याला लॅमिनेशनच करतात. जातीचा दाखला, मार्कशीट, बाबासाहेबांचा फोटो. मीही तेच केलं असतं. मी तिला खरं सांगितलं असतं, हे कार्ड म्हणजे काय आहे ते, तर तिने ते दवाखान्यातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवलं असतं, पण त्याला कुणाला हात लावू दिला नसता. मी सांगितलं नाही. तिच्या हातात काय आहे ते तिला कळू नये म्हणून सांगितलं नाही. ती कात्री दुकानदाराने चालवली, पण ती माझीच होती. मी तिला तेव्हाही किंमत सांगितली नाही. ते मोलाचं होतं, हे आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे. सुजू, वाचते आहेस ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, चल चहाले. चौकातल्या टपरीवर ट्रकवाले बसले होते. रात्री मी रागाने ओसरीतच टाकून दिलेलं कार्ड बाबांनी सदऱ्याच्या खिशातून काढलं आणि बाकावर ठेवलं, चहाच्या कपाशेजारी, सांडलेल्या चहात. मी दचकले. बाबांनी ते उचललं, धोतराला पुसलं आणि एका ट्रकवाल्याच्या हातात दिलं. जवळजवळ पन्नास वर्षं ज्याला कुणाला बोट लावू दिलं नाही, ते कार्ड बाबा आता रोज सकाळी खिशात घालून फिरवत होते. हातोहात जात होतं ते. "जॉन साहेब," बाबा सांगत होते, "मी पाणी उकळून द्याचो त्याले."

परप्रांतातला एक ड्रायव्हर म्हणाला, "ये तो कोई खिलाड़ी है, चाचा." सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी अमेरिकेची. मी चहा प्यायले.

परत येताना बाबा म्हणाले, "आज बोलली नाई तू."

"काय बोलू?"

"आठवीत बोलली होतीस. तो साहेब नाई हे मले तवाच समजलं होतं. मी का येडा हाओ? पण साहेबाचा दुसरा फोटो कुठी हाये मायाजवळ? मंग यालेच साहेब म्हनतो."

तेव्हा मला राहवलं नाही. पन्नाशीकडे झुकलेली बाई मी, रस्त्यात उभी राहून बापाला विचारलं, "मंग मले काऊन नाई देलं? मी चालली होती त्या दिवशी. सुजूलेच काऊन देलं?" डोळ्यांत पाणी आलं आणि लाल धुळीने ते चेहऱ्यावर माखलं.

बाबा थांबले. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"साहेब मले देऊन गेला आन् मंग त्याले इकडं याचं काय काम राह्यलं? नाईच आला. तुही लहानपनापासून नजर होती त्याच्यावर. सुजूची नव्हती. तुले देलं असतं तं तू कायले येतीस?" मग हसले. "इथी होतं म्हनून आली ना?"

मी सांगणार होते की नाही बाबा, मी तुमच्यासाठी आले, सुजूसाठी आले. पण तिकीट काढताना माझ्या डोळ्यांसमोर काय होतं, ते मला माहीत होतं आणि त्यांनाही.

कार्ड मी आणलं नाही. सुजू खूप मागे लागली, बॅगेतही टाकलं होतं तिने, मी काढून परत बाबांच्या खिशात घातलं. त्यात काही मोठेपणा नाही. माझ्या भिंतीवर ते बिघडवलेलं कार्ड म्हणून राहिलं असतं.

आता रविवारी सकाळी मी फोन लावते, तिकडे संध्याकाळ झालेली असते. बाबा शेजाऱ्यांना गोळा करून बसलेले असतात, सुजू कुणाच्या तरी लेकराला मांडीवर घेऊन त्यांच्या भाषेत काहीतरी बोलते, सगळे हसतात, आणि मला काही कळत नाही. मी विचारते, काय म्हणाली? ती म्हणते, जाऊ दे ताई, तुले नाई समजाचं. असा जळफळाट होतो की फोन ठेवल्यावर अर्धा तास मी कुणाशी बोलत नाही. नवरा म्हणतो, त्रास होतो तर कशाला करतेस दर रविवारी? इथल्या शेजारणीचं घर केवढं मोठं आहे, तिच्या बापाने तिला काय काय दिलं, मला त्याचं काहीही वाटत नाही. जळते ती फक्त एटापल्लीच्या त्या ओसरीवर. ज्या रविवारी जळणार नाही, त्या रविवारी मला जायला घर उरलेलं नसेल.